अळंबी आणि झाडांची हुबेहूब मॉडेल्स: काच, मेण, रेझिन की थ्रीडी प्रिंट?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तालुक्याच्या गावातलं कॉलेज, बॉटनी डिपार्टमेंटला म्युझियमसाठी एक मोठी खोली मिळालीय, शेजारी छोटी बोटॅनिकल गार्डन आहे, पावसाळ्यात उगवणारी अळंबी आणि सह्याद्रीतली थोडी दुर्मिळ झाडं-फुलं यांची अगदी खरी वाटतील अशी मॉडेल्स हवीत, काही आत कपाटात आणि काही बाहेर बागेत. आणि विचारलंय की काच, मेण, रेझिन, थ्रीडी प्रिंट यातलं चांगलं काय. मी बरीच वर्षं हेच काम करते, म्युझियमसाठी आणि कॉलेजांसाठी, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

मटेरियलचा प्रश्न सगळे पहिला विचारतात, पण तो खूप नंतर येतो. आधी हे ठरवा की मॉडेल बघून विद्यार्थ्याला नेमकं काय कळायला हवं. तुमच्या यादीत खरं तर तीन वेगवेगळी कामं एकत्र झालीयत. एक, ओळख पटवणारं मॉडेल, म्हणजे जिवंत आकाराचं, जिवंत रंगाचं, ज्याच्यावरून मुलगा उद्या शेतात तीच जात ओळखेल. दोन, समजावणारं मॉडेल, दहापट वीसपट मोठं केलेलं, उघडून आत बघता येणारं. आणि तीन, बागेत ऊन-पाऊस खात उभी राहणारी वस्तू. या तिन्हींची मापं वेगळी, मटेरियल वेगळं आणि हुबेहूब या शब्दाचा अर्थसुद्धा तिन्हीकडे वेगळा. एकाच माणसाला एकच मटेरियल सांगून तिन्ही करून घेतली की तिन्ही अर्धवट होतात, आणि हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय.

आता मॉडेलच का, खरा नमुना का नको, हे तुमच्या प्राचार्यांना पटवायला लागेल म्हणून सांगते. झाड दाबून वाळवून हर्बेरियम शीटवर, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या कागदावर, लावलं की अभ्यासाला उत्तम, पण ते चपटं होतं आणि रंग जातो. अळंबीचं तर त्याहून वाईट, वजनात ८५ ते ९० टक्के पाणीच असतं, वाळली की आकसून ओळखू येत नाही, आणि स्पिरिट किंवा फॉर्मेलिनमध्ये ठेवली तर आकार थोडाफार राहतो पण रंग उतरतो. फ्रीज ड्रायिंग, म्हणजे गोठवून सुकवणं, करतात काही ठिकाणी, त्यात आकार छान राहतो, पण आपल्या दमट हवेत ती पाणी ओढते आणि कीड लागते, शिवाय मशीन महाग. म्हणून अळंबीची मॉडेल्स करायची पद्धत जुनी आहे. लंडनमध्ये जेम्स सोवर्बी या निसर्गचित्रकाराने अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला न भाजलेल्या पांढऱ्या मातीची सुमारे २०० अळंबी मॉडेल्स केली, रंगवली आणि स्वतःच्या घरी लोकांना बघायला ठेवली, हेतू हा की खायची कुठली आणि विषारी कुठली हे लोकांना चित्रापेक्षा स्पष्ट कळावं. ती आता तिथल्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमकडे आहेत. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात साधारण त्याच काळातली पिन्सोंने केलेली मेणाची अळंबी आहेत. म्हणजे तुम्ही जे करायला निघालाय ते दोनशे वर्षांपासून चालत आलेलं काम आहे आणि त्याची गरज अजून संपलेली नाही.

काचेबद्दल विचारलंय म्हणून हार्वर्डच्या काचेच्या फुलांबद्दल बोलायलाच हवं, फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात आणि तिथूनच काचेची कल्पना येते. ड्रेस्डेनजवळच्या होस्टरविट्झ गावात लिओपोल्ड ब्लाश्का आणि त्याचा मुलगा रुडॉल्फ असे दोघंच कारागीर. आधी ते म्युझियमना समुद्री जीवांची काचेची मॉडेल्स करून द्यायचे, कारण जेलीफिशसारखे जीव बाटलीत ठेवले की त्यांचा नुसता पांढरा गोळा होतो. हार्वर्डच्या बोटॅनिकल म्युझियमचे संचालक जॉर्ज गुडेल यांना ती मॉडेल्स दिसली आणि १८८६ मध्ये ते थेट त्यांच्या घरी गेले. एलिझाबेथ वेअर आणि त्यांची मुलगी मेरी ली वेअर यांनी पैसा दिला, आणि १८८७ पासून १९३६ पर्यंत काम चाललं, सुमारे ४३०० मॉडेल्स, ७८० जाती. लिओपोल्ड १८९५ मध्ये वारला, पुढचं सगळं रुडॉल्फने एकट्याने केलं, त्याला मूल नव्हतं आणि शिष्यही नव्हता, त्यामुळे तो हात तिथेच थांबला. तेव्हा काच हा पर्याय तुमच्यासाठी नाही, कुणी करून देतो म्हणाला तरी नाही. अगदी पातळ काचेच्या पाकळ्या आपल्याकडच्या रस्त्यांवरून नेण्यातच जातील.

पण त्या दोघांकडून घेण्यासारखं खूप आहे, आणि ते काचेत नाही. त्यांनी अंगणात झाडं लावली, अमेरिकेतली झाडं मागवून वाढवली, रुडॉल्फ १८९२ मध्ये जमैकाला आणि अमेरिकेला जाऊन जिवंत झाडांसमोर बसून चित्रं काढून, रंगांच्या नोंदी करून, मापं घेऊन आला. मॉडेल त्या नोंदींवर उभं आहे. आणि शेवटच्या काळात, १९२४ ते १९३२ मध्ये, रुडॉल्फने सडलेल्या फळांची मालिका केली, बुरशी लागलेली स्ट्रॉबेरी, खपली पडलेलं पेअर, रोगाने वळलेली पीचची पानं. मला त्या सगळ्या संग्रहात ही मालिका सगळ्यात मोलाची वाटते. निरोगी सुंदर फूल करायला हात लागतो, सडलेलं फळ अचूक करायला रोग समजून घ्यावा लागतो. तुमच्या म्युझियममध्ये शेतकऱ्यांची मुलं येणार असतील तर करपा आलेलं पान, तांबेरा आलेला गहू अशी दोन-चार मॉडेल्स ठेवाच, ती बघायला गर्दी होईल.

आता अळंबीकडे येते, इथे जास्त लिहिणार आहे कारण इथेच सगळे फसतात.

पहिली मॉडेल्स कुठल्या जातींची करावीत हे तुमच्या भागावर अवलंबून आहे, पण एक जात मी कुठेही असले तरी घ्यायला सांगेन, क्लोरोफायलम मोलिब्डाइटिस. पावसात गवतात, लॉनवर, कॉलेजच्या मैदानावर उगवते, मोठी पांढरी छत्री, वर तपकिरी खवले, देठाला कडं, दिसायला एकदम खाण्यासारखी आणि खाल्ली की उलट्या-जुलाब. तिची खूण अशी की गिल्स, म्हणजे छत्रीखालच्या पातळ पट्ट्या, सुरुवातीला पांढऱ्या असतात आणि पिकत गेल्या की हिरवट राखाडी होतात, स्पोअर प्रिंट, म्हणजे छत्री कागदावर ठेवली की बीजाणूंचा पडणारा ठसा, हिरवा येतो. म्हणजे एकच मॉडेल करून भागत नाही, कळी, अर्धी उघडलेली आणि पूर्ण पिकलेली अशा तीन अवस्था शेजारी शेजारी हव्यात आणि तिसरीला खालून बघता यावं म्हणून खाली आरसा हवा, कारण सगळी गोष्ट छत्रीच्या खाली आहे आणि म्युझियमवाले मॉडेल वरून दिसेल असं ठेवतात. हे तीन आणि एक आरसा एवढं जरी केलंत तरी त्या खोलीचा उपयोग झाला असं मी म्हणेन.

दुसरी जात वारुळावरची, टर्मिटोमायसीस. विदर्भात सात्या म्हणतात, गोव्यात रोयणीवरची अळमी म्हणून बाजारात येते. ही बाजारातून आणून मॉडेल करायला घेऊ नका, कारण तोडताना तिचा अर्धा भाग जमिनीत राहतो. देठ खाली मुळासारखा लांब जातो, थेट वारुळातल्या त्या सच्छिद्र गोळ्यापर्यंत, जो वाळवी स्वतः बुरशी वाढवायला बनवते. ही जात म्हणजे वाळवी आणि बुरशीचं एकत्र जगणं आहे, आणि ते दाखवायचं असेल तर जमीन उभी कापल्यासारखं मॉडेल करावं लागतं, वर छत्र्या, मध्ये लांब देठ, खाली वारुळाची पोकळी आणि तो गोळा. वरची नुसती छत्री कितीही हुबेहूब केली तरी निम्मी माहिती गाळलेली असते. अमानिटाचंही तेच, बुडाशी पिशवी असते ती मातीत राहते आणि ओळखीची खूण तीच. त्यामुळे कुठलीही अळंबी तोडायची नाही, खुरप्याने आजूबाजूच्या मातीसकट उचलायची.

उचलल्यावर तुमच्याकडे थोडे तासच असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, घाम येऊन काळी पडते, कागदात सैल गुंडाळून डब्यात उभी ठेवा. फोटो जागेवरच, सावलीत, शेजारी पट्टी आणि रंगांचं कार्ड ठेवून, वरून, बाजूने, खालून. कार्ड नसेल तर फोटोतल्या रंगावर विश्वास ठेवू नका, मोबाईल स्वतःच रंग गोड करतो. म्हणून मी सोबत अॅक्रिलिक रंग आणि जाड कागदाच्या पट्ट्या नेते, तिथेच रंग मिसळून पट्टीवर लावायचा, अळंबीला टेकवून बघायचा, जुळला की पट्टीवर कुठल्या भागाचा आणि कुठले रंग किती घातले ते लिहायचं. छत्रीचा मध्य, कड, गिल्स, देठ वर, देठ खाली, आणि कापल्यावर आतला रंग, कारण काही जाती कापल्यावर निळ्या किंवा लाल होत जातात. मग एक नमुना उभा चिरून फोटो, एकीची छत्री कागदावर ठेवून स्पोअर प्रिंट, आणि गिल्स मोजायच्या. हो, मोजायच्या, आणि त्यात पूर्ण लांबीच्या किती आणि मधल्या आखूड किती हे बघायचं, देठाला चिकटतात की थोडं अंतर सोडतात हे बघायचं. ओळखताना तज्ज्ञ तिथेच बघतो आणि मॉडेल करणारा तिथेच अंदाजपंचे करतो.

आणखी एक, त्याच झुबक्यातला एक नमुना वाळवून मायकॉलॉजिस्टकडे, म्हणजे बुरशीतज्ज्ञाकडे, द्या आणि नाव पक्कं करून घ्या. पुण्याला आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियम आहे, अशा ठिकाणी नमुना जमा झाला तर त्याचा नंबर तुमच्या मॉडेलच्या लेबलवर लिहिता येतो. नंतर कुणी जातीचं नाव बदललं तरी मॉडेल कशावरून केलं ते कायम शोधता येतं. माझ्या मते असा नंबर नसलेलं मॉडेल शोभेचं असतं.

साचा. अळंबी इतकी मऊ असते की जाड सिलिकॉन ब्रशने लावायला गेलं की कातडी सोलून येते. सिलिकॉनचे दोन प्रकार मिळतात, प्लॅटिनम क्युअर आणि टिन क्युअर, त्यातलं प्लॅटिनमवालं फार नाजूक, गंधक वगैरेचा अंश लागला तरी पृष्ठभाग चिकट राहून सेट होत नाही, म्हणून ताज्या वनस्पतींवर मी ते थेट वापरत नाही. मी काय करते तर दातांचे डॉक्टर वापरतात ते अल्जिनेट, थंड पाण्यात कालवलं की थोडा जास्त वेळ मिळतो, काही मिनिटांत सेट होतं, गरम होत नाही आणि कातडीवरची बारीक रेघसुद्धा उचलतं. मात्र अल्जिनेट पाणी सोडून आकसतं म्हणून लगेच त्यात डेंटल स्टोन, म्हणजे दातांच्या साच्यांसाठीचं कठीण प्लास्टर, ओतायचा, साधं प्लास्टर नको, ते ठिसूळ. असा जो दगडी मास्टर, म्हणजे नमुन्याची पक्की प्रत, मिळतो त्याच्यावर सावकाश बसून काम करता येतं, बुडबुडे भरायचे, तुटलेली कड नोंदींवरून दुरुस्त करायची, लाखेचं पॉलिश मारून बंद करायचा आणि मग त्याच्यावरून सिलिकॉनचा कायमचा साचा.

गिल्स यात येत नाहीत. साच्यात घुसलेलं अल्जिनेट काढताना फाटतंच. म्हणून छत्री आणि देठ साच्यातून काढायचे आणि गिल्स वेगळ्या, पातळ पॉलिएस्टर फिल्म किंवा रेझिन लावलेला पातळ कागद, चिरलेल्या नमुन्यावरून एका गिलचा आकार घ्यायचा, तसे कापायचे आणि छत्रीच्या आतून एकेक बसवायचे, आधी मोठे, मग मधले आखूड. वेळ जातो, पण अळंबी खरी वाटते की खोटी हे नव्वद टक्के इथे ठरतं. बोलेटससारखी छिद्रांची अळंबी असेल तर सोपं, छिद्रांचा ठसा साच्यात छान येतो.

कशात ओतायचं? एकोणिसाव्या शतकात मेण का वापरायचे हे समजून घेतलं की उत्तर सापडतं. अळंबीचा मांसल भाग प्रकाशाला थोडा आत शिरू देतो. मोबाईलच्या टॉर्चवर बोटं धरली की कशी लालसर उजळतात, तसं. मेणालाही तोच गुण आहे. प्लास्टरवर किंवा पांढऱ्या रेझिनवर वरून जाड रंग दिला की प्रकाश पृष्ठभागावरूनच परत येतो आणि डोळा लगेच म्हणतो की हे खेळणं आहे. पण मेण आपल्याकडे टिकत नाही. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, वाकायला मात्र त्याच्या खूप आधी लागतं, आणि विदर्भ मराठवाड्यात मे महिन्यात लाइट गेल्यावर बंद काचेच्या कपाटात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय धूळ चिकटते ती निघत नाही. खोलीला वर्षभर एसी असेल तरच मेणाचा विचार करा, नसेल तर एपॉक्सी रेझिन घ्या आणि त्यात रंगद्रव्य अगदी थोडं घाला, म्हणजे आतला फिकट रंग रेझिनमध्येच आला आणि प्रकाश थोडा आत जाईल एवढी पारदर्शकता राहिली. वरचा रंग पातळ थरांत, एकावर एक, एअरब्रशने किंवा ब्रशने, पट्टीशी जुळवत. ओली चिकट छत्री असेल तर शेवटी ग्लॉस, कोरडी असेल तर मॅट, मखमली असेल तर फ्लॉकिंग, म्हणजे बारीक तंतूंचा थर. खवले वेगळे करून चिकटवायचे, रंगवायचे नाहीत.

ओतकाम कधी करायचं हे आपल्या हवेत फार महत्त्वाचं आहे. पॉलियुरेथेन रेझिन पावसाळ्यातल्या दमट हवेत ओतलं की पाणी धरून बुडबुडे येतात, एपॉक्सीवर पांढरट चिकट पापुद्रा येतो. अळंबी मात्र पावसातच उगवते. म्हणून माझं वर्ष असं चालतं की जून ते सप्टेंबर नमुने, नोंदी, अल्जिनेट आणि मास्टर, आणि दिवाळीनंतर कोरड्या हवेत ओतकाम आणि रंग. यात अजून एक सोय आहे. तुमच्याकडे कारागीर कोण असा प्रश्न असणार, तर गणपतीचे मूर्तिकार बघा. साचे काढणं, ओतणं, सांधा बुजवणं, स्प्रेने रंगाचे पातळ थर देणं यात पेणच्या किंवा तुमच्या गावातल्या चांगल्या मूर्तिकाराचा हात तयार असतो. पावसाळ्यात तो गणपतीत बुडालेला असतो, दिवाळीनंतर मोकळा होतो, म्हणजे वेळ बरोबर जुळते. लाकडी फळं हवी असतील तर सावंतवाडीच्या चितार आळीतले कारागीर आहेतच, पिढ्यान्‌पिढ्या आंबा, सीताफळ, काजू लाकडात करतात आणि कठीण सालीच्या फळांसाठी तो हात सुंदर आहे. फक्त दोघांनाही एक गोष्ट शेजारी बसून सांगावी लागते, की इथे सुंदर करायचं नाही. मूर्तीत डाग दिसला की तो झाकायचा ही त्यांची शिस्त आहे आणि ती त्यांच्या कामात योग्यच आहे, इथे गोगलगायीने खाल्लेली कड जशीच्या तशी हवी. नमुन्याचे फोटो आणि रंगाच्या पट्ट्या समोर ठेवून काम सुरू केलं की त्यांच्या ते लवकर लक्षात येतं आणि मग आपल्यापेक्षा बारीक बघतात.

झाडांचं थोडक्यात. खोड, साल, काटे, वाळलेल्या शेंगा, बिया या गोष्टी खऱ्याच वापरा, त्या टिकतात, पण आधी डीप फ्रीजरमध्ये उणे २० अंशांना बंद पिशवीत दोन आठवडे ठेवा म्हणजे कीड मरेल, नाहीतर भुंगे तुमच्या कपाटातून हर्बेरियममध्ये जातील. पानं आणि पाकळ्या करायच्या. न्यूयॉर्क, शिकागोच्या म्युझियममधल्या देखाव्यांसाठी शंभर वर्षांपूर्वी पानाचा दोन भागांचा प्लास्टर साचा करून त्यात मेणात भिजवलेला कापूस दाबून हजारो पानं काढलीयत. आपल्याकडे मी मेणाऐवजी बारीक मलमल आणि अॅक्रिलिक मीडियम वापरते, मधल्या शिरेत तांब्याची तार, साच्यात दाबून सुकवायचं, कड कापायची, रंग. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निसर्ग विभागातले जुने देखावे आहेत, विद्यार्थ्यांना घेऊन जा आणि पक्षी बाजूला ठेवून फक्त पानं बघायला सांगा. आणि एकाच साच्यातून सगळी पानं काढू नका. कोवळं, जून, मुडपलेलं, किडीने भोकं पाडलेलं असे पाच-सहा साचे तरी हवेत, कारण एकसारखी पानं दिसली की डोळा फसत नाही.

दुर्मिळ जातींबाबत एक विनंती. तोडू नका. संरक्षित जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलताच येत नाही, पण परवानगी असली तरी मूठभर उरलेल्या झाडाचं फूल साच्यासाठी कशाला घ्यायचं. जागेवर मापं, रंगाच्या पट्ट्या आणि फोटो एवढ्यावर मॉडेल होतं. आणि इथेच माझा सल्ला असा की दुर्मिळ फुलांसाठी हुबेहूब जिवंत आकार सोडून द्या, मोठं मॉडेल करा. उदाहरणार्थ कंदीलपुष्प, सेरोपेजिया, सह्याद्रीत याच्या किती जाती अशा आहेत की जगात दुसरीकडे नाहीत. फूल चार-पाच सेंटीमीटरचं, पण आतला कारभार बघा. माशी वासाने येते, नळीत घसरते, आतले केस खाली वळलेले असतात त्यामुळे वर चढता येत नाही, आत अडकून फिरते, परागाच्या पुड्या अंगाला चिकटतात, आणि नंतर केस कोमेजले की सुटते आणि दुसऱ्या फुलात जाते. हे जिवंत आकारात कितीही अचूक केलं तरी काचेपलीकडून कुणाला दिसणार नाही. दहापट मोठं करून उभं चिरून दोन भाग केले, मध्ये चुंबक लावले, की विद्यार्थी स्वतः उघडून बघतो.

ही कल्पनाही जुनी आहे. ब्रेस्लाऊला, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफला, रॉबर्ट ब्रेंडेलने १८६६ पासून कागदाच्या लगद्याची अशी उघडणारी मोठी फुलं करायला घेतली, सोबत फर्डिनांड कोन हे वनस्पतिशास्त्रज्ञ सल्ल्याला होते. कागदाचा लगदा, लाकूड, कापूस, वेत, काचेचे मणी, पिसं असं जे लागेल ते वापरलं, आणि ती मॉडेल्स जगभरच्या विद्यापीठांत गेली. तुमच्या परिसरात जुनं, ब्रिटिश काळातलं कॉलेज असेल तर त्यांच्या बॉटनी लॅबच्या माळ्यावर एकदा नजर टाकाच. काही मिळालं तर पुसायला सुद्धा जाऊ नका, ओला कपडा लागला की रंग जातो, आधी जाणकाराला दाखवा.

थ्रीडी प्रिंटचं खरं काम याच प्रकारात आहे. परागकण, स्पोअर, बी, फुलाचा आतला सांगाडा असं काही शंभरपट मोठं करायचं तर हाताने करण्यापेक्षा प्रिंट अचूक आणि स्वस्त. जिवंत आकाराच्या अळंबीसाठी मात्र मला ते पटत नाही. ओली चमकदार छत्री स्कॅनरला नीट दिसतच नाही, पातळ कड जाड होते, थरांच्या रेघा घासताना कातडीचा पोत निघून जातो, आणि प्रिंटरचं रेझिन उजेडाने पिवळं आणि ठिसूळ होत जातं. प्रिंट करायचंच तर त्याला मास्टर समजा, त्यावरून साचा काढा आणि एपॉक्सीत ओता.

कारवीचंही मॉडेल करा असं मी म्हणेन, कारण ती साधारण सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि तीन वर्षांच्या बीएस्सीच्या कितीतरी बॅच ती न बघताच बाहेर पडतात. इथे जिवंत आकार चालेल, एक फांदी, कळ्या, फुलं आणि चिकट वास येणारी बोंडं. वास देता येत नाही, बाकी सगळं देता येतं.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर, अळंबी जिवंत आकारात, रंगवलेल्या एपॉक्सीत, गिल्स वेगळ्या. दुर्मिळ फुलं मोठी करून, उघडणारी. खोड-बिया खऱ्या, पानं मलमलीची. राहिलं बागेतलं.

बागेत हुबेहूब अळंबी ठेवायला माझा विरोध आहे आणि मी तशी कामं घेत नाही. एक तर एपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, दोन पावसाळ्यांत त्यावर शेवाळ चढतं आणि रंग उडाल्यावर जी विषारी जात आहे तीच खाण्यासारखी पांढरीशुभ्र दिसायला लागते. दुसरं, लहान मुलं बागेत येतात, गवतात खरीखुरी दिसणारी अळंबी हात लावायला ठेवली तर शेजारी उगवलेल्या खऱ्यालाही ती हात लावतात. बागेत स्पष्ट कळेल की ही मोठी करून ठेवलेली आकृती आहे अशी वस्तू ठेवा, गुडघ्याएवढी, भाजलेल्या ग्लेझ केलेल्या सिरॅमिकमध्ये किंवा फेरोसिमेंटमध्ये, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट. सिरॅमिकचा रंग भाजून पक्का झालेला असतो, तो उन्हाने जात नाही. फायबर चालतं पण जेल कोट, म्हणजे वरचा संरक्षक थर, चांगला हवा आणि काही वर्षांनी पुन्हा रंगवावं लागेल हे बजेटमध्ये आधीच धरा.

लेबलवर जातीचं नाव, स्थानिक नाव, नमुना कुठे आणि कधी मिळाला, हर्बेरियम नंबर, मूळ आकाराच्या किती पट, कुणी केलं आणि कशाचं केलं हे सगळं लिहा. कारागिराचं नाव राहून जातं बहुतेक ठिकाणी, ते लिहाच. विषारी असेल तर ठळक लिहा, पण ‘खाण्यायोग्य’ हा शब्द कुठल्याच मॉडेलखाली लिहू नका, एका मॉडेलवरून ओळखून कुणी जंगलातली अळंबी शिजवली तर जबाबदारी आपली आहे. कपाटाला ऊन लागू देऊ नका, आत एलईडी लावा पण ट्रान्सफॉर्मर कपाटाबाहेर ठेवा म्हणजे उष्णता आत साचणार नाही, आणि धूळ मऊ कोरड्या ब्रशने, गिल्सना हात न लावता.

खर्चाचं मुद्दाम लिहिलेलं नाही, तो जातींवर आणि कारागिरावर फार बदलतो. तुम्ही पहिल्या वर्षी तीनच जाती घ्या, त्यातली एक क्लोरोफायलम. कोणता जिल्हा आणि बाकीच्या दोन कुठल्या मनात आहेत ते कळवा, आणि मे महिन्यातच अल्जिनेट, डेंटल स्टोन, रंगाच्या पट्ट्या आणून ठेवा, पहिल्या चांगल्या पावसानंतर मैदानावर काय उगवेल ते दुपारपर्यंत थांबत नाही.